मलेरियावर पोटात घ्यायचं नवं औषध शोधायला इतकी वर्षं का लागतात?

प्रश्न असा आलाय: "मी बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. मलेरियावर क्लोरोक्वीन आहे, आर्टेमिसिनिनची कॉम्बिनेशन्स आहेत, तीन दिवसांत पेशंट बरा होतो. मग नवीन गोळीसाठी लोक पंधरा-पंधरा वर्षं का घालवतायत? आता एआय आल्यावर हे पटकन व्हायला नको का? आणि मला यात शिरायचं असेल तर काय शिकू?"

मी मेडिसिनल केमिस्ट आहे, करिअरचा मोठा भाग मलेरियाच्या मॉलिक्यूल्सवरच गेलाय, त्यामुळे उत्तर लांबणार, सवडीने वाचा. एका दमात सांगायचं तर मलेरियाचा पॅरासाइट मारणारे मॉलिक्यूल आता हजारोंनी सापडलेत, तिथे अडत नाही. अडतं ते पुढे. तोच मॉलिक्यूल उलट्या होणाऱ्या दहा-बारा किलोच्या पोराच्या पोटातून रक्तात जायला हवा, तिथे पुरेसे दिवस पुरेशा प्रमाणात टिकायला हवा, त्रास होता कामा नये आणि सगळा कोर्स शंभर रुपयांच्या आत बसायला हवा. वर्षं जातात ती इथे.

आधी "औषधं आहेत की" याबद्दल. डब्ल्यूएचओच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात मलेरियाच्या २६.३ कोटी केसेस झाल्या आणि ५.९७ लाख माणसं गेली. त्यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत, आणि तिथल्या दर चार मृत्यूंमधले तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे. म्हणजे औषध असून एवढी मुलं जातायत, आणि ते औषध चालेनासं झालं तर काय होतं हे आपण एकदा बघितलेलं आहे. क्लोरोक्वीन १९३४ साली जर्मनीत बायरच्या हान्स आंडरझागने बनवलं, महायुद्धानंतर ते जगभर गेलं, स्वस्त, पोटात घ्यायला सोपं, लहान मुलांना आणि गरोदर बायकांनाही चालणारं, मलेरियात त्याच्या तोडीचं दुसरं औषध झालंच नाही असं मी आजही म्हणेन. १९५०च्या दशकाच्या शेवटी थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि तिकडे कोलंबियात फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात जीवघेणा पॅरासाइट, त्याला दाद देईना. पुढे तोच रेझिस्टन्स आफ्रिकेत पोचला आणि मुलांचे मृत्यू वाढले. त्याच्या जागी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आलं, तेही फार वर्षं टिकलं नाही.

मग चीनचं आर्टेमिसिनिन. १९६७ साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट ५२३ मध्ये चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांनी चौथ्या शतकातल्या एका वैद्यकीय ग्रंथातल्या नोंदीवरून धागा पकडला आणि वनस्पती उकळण्याऐवजी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, तो चालला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. आज जगभर फाल्सिपेरमवर पहिलं औषध म्हणून जे दिलं जातं ते आर्टेमिसिनिनच्या कुठल्यातरी नातेवाईकाचं (आर्टेसुनेट, आर्टेमेथर) आणि एका लांब टिकणाऱ्या पार्टनर औषधाचं कॉम्बिनेशन. आपल्याकडे बहुतेक राज्यांत आर्टेसुनेट अधिक सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, आणि ईशान्य भारतात ते पार्टनर फेल व्हायला लागल्यामुळे २०१३ पासून आर्टेमेथर-लुमेफँट्रिन. एकटं आर्टेमिसिनिन गोळीतून द्यायला आपल्याकडे २००९ पासून बंदी आहे आणि ती अगदी योग्य आहे, का ते खाली येईलच.

आता काळजी काय आहे? २००८-०९च्या सुमारास पश्चिम कंबोडियात दिसलं की आर्टेसुनेट दिल्यावर पॅरासाइट पूर्वीसारखे झपाट्याने जात नाहीयेत. २०१४ साली त्याचा जेनेटिक मार्कर सापडला, केल्च-१३ नावाच्या जीनमधली म्युटेशन्स. आणि आता अशीच म्युटेशन्स रवांडा, युगांडा, टांझानिया, एरिट्रियात वेगळ्याने तयार झालेली सापडलीत, आशियातून गेलेली नव्हे. कंबोडियात पुढे पार्टनर औषध पिपेराक्वीनही गेलं आणि तिथलं ते कॉम्बिनेशन उघडं पडलं. आफ्रिकेत पार्टनर अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. ते टिकून आहेत तोवरच पुढचं औषध तयार असायला हवं, नंतर धावाधाव करून काही होत नाही कारण सुरुवातीपासून शेवटपर्यंत दहा ते पंधरा वर्षं लागतातच.

आता एक हिशेब. बऱ्यापैकी आजारी असलेल्या मोठ्या माणसाच्या अंगात दहाचा बारावा घात, म्हणजे एक लाख कोटी पॅरासाइट असू शकतात. फाल्सिपेरमची एक सायकल ४८ तासांची. आर्टेमिसिनिन हे आपल्याकडचं सगळ्यात वेगवान हत्यार, ते एका सायकलमध्ये पॅरासाइट दहा हजार पटीने कमी करतं. म्हणजे पहिल्या सायकलनंतर उरले दहा कोटी, दुसरीनंतर उरले दहा हजार. तीन दिवसांच्या कोर्सचा मारा या दोन सायकलनाच बसतो. पेशंटचा ताप उतरलाय, तो जेवायला लागलाय, स्लाइडवर काही दिसत नाही, आणि तरी अंगात दहा हजार शिल्लक आहेत. आर्टेमिसिनिनची हाफ लाइफ, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, तासाभराची, ते केव्हाच निघून गेलेलं असतं. हे उरलेले दहा हजार मारायचे ते पार्टनर औषधाने, जे रक्तात अनेक दिवस रेंगाळतं, लुमेफँट्रिन तीन ते सहा दिवसांच्या हाफ लाइफने, पिपेराक्वीन काही आठवडे. कोर्स अर्धवट सोडला किंवा एकटं आर्टेमिसिनिन दिलं की मलेरिया पंधरा-वीस दिवसांनी परत का येतो ते यातूनच कळतं.

दुसरी बाजू रेझिस्टन्सची. समजा एखाद्या औषधाला न जुमानणारं म्युटेशन शंभर कोटींत एकाला असतं. मग एक लाख कोटींत असे हजार आधीच बसलेत, औषध द्यायच्या आधीपासून. बाकीचे मेले की रान यांनाच मोकळं. दोन औषधं वेगवेगळ्या जागी मारणारी असतील तर दोन्ही म्युटेशन्स एकाच पॅरासाइटमध्ये असण्याची शक्यता दोन्हींचा गुणाकार, ती जवळपास शून्यावर जाते. त्यामुळे नव्या औषधाचा शोध खरं तर एका मॉलिक्यूलचा नसतोच, दोघांचा असतो, आणि ते दोघे एकमेकांना शोभायला लागतात. ही अट ऐकायला छोटी वाटते पण माझ्या मते अर्धे प्रोजेक्ट हिच्यात अडकतात.

मॉलिक्यूल सापडतात कसे? कॉलेजमध्ये शिकवतात की आधी टार्गेट, मग एन्झाइम, मग त्यात बसणारा मॉलिक्यूल. मलेरियात हे फारसं फळलं नाही. एन्झाइमला छान अडवणारे मॉलिक्यूल मिळतात आणि अख्ख्या पॅरासाइटवर टाकले की काहीच होत नाही, कारण त्याला लाल पेशीचं आवरण, मग पॅरासाइट ज्या पिशवीत बसतो तिचं, मग पॅरासाइटचं स्वतःचं, एवढी आवरणं ओलांडून आत जायचंय. म्हणून बहुतेकांनी उलटी वाट धरली, लाखो कंपाउंड सरळ जिवंत पॅरासाइटवर टाकायचे आणि मरतो का बघायचं, टार्गेट कुठलं ते नंतर शोधू. हे शक्य झालं ते १९७६ मुळे, त्या वर्षी ट्रेगर आणि जेन्सन यांनी माणसाच्या लाल पेशींत फाल्सिपेरम सतत वाढवत ठेवायची पद्धत काढली, त्याआधी लॅबमध्ये हा पॅरासाइट फार दिवस सांभाळता येत नव्हता.

ही टेस्ट करतात कशी ते सांगतो, कारण ती फार सुंदर आहे. ब्लड बँकेच्या लाल पेशी, त्यात पॅरासाइट, ३८४ खळग्यांच्या प्लेट्स, प्रत्येक खळग्यात वेगळं कंपाउंड किंवा वेगळा डोस, आणि ७२ तास इन्क्युबेटरमध्ये. नंतर पेशी फोडून सायबर ग्रीन नावाचा डाय घालायचा जो डीएनएला चिकटला की चमकतो. माणसाच्या परिपक्व लाल पेशीत न्यूक्लियसच नसतं, त्यामुळे खळग्यात जो काही डीएनए आहे तो पॅरासाइटचाच. चमक कमी म्हणजे पॅरासाइट कमी, काही वेगळं करावं लागत नाही. त्याआधी ५ टक्के सॉर्बिटॉलने धुतलं की वाढलेल्या अवस्था फुटतात आणि फक्त कोवळ्या रिंग उरतात, मग सगळे पॅरासाइट एका वयाचे मिळतात आणि औषध नेमक्या कुठल्या वयात मारतं तेही कळतं. एक स्ट्रेन सेन्सिटिव्ह ठेवायची, ३डी७, आणि एक जुन्या औषधांना रेझिस्टंट, डीडी२. दोन्हींत मारायला लागणारा डोस सारखा आला तर बरं, डीडी२ मध्ये वीसपट जास्त लागलं तर क्लोरोक्वीनच्याच वाटेवर आहात, बाजूला ठेवा. एवढं करूनही मी गिम्सा या रंगाने रंगवलेली स्लाइड स्वतः बघतो. चमक नुसता आकडा देते, पॅरासाइट आत कसा आक्रसलाय, कुठल्या अवस्थेत अडकलाय ते डोळ्यालाच दिसतं.

जीएसकेच्या स्पेनमधल्या ट्रेस कांतोसच्या लोकांनी जवळपास २० लाख कंपाउंड असे तपासले आणि २०१० साली त्यातले १३,५३३ हिट्स, म्हणजे पॅरासाइट मारणारे कंपाउंड, सगळ्यांसाठी खुले केले. म्हणून म्हटलं की हिट्सचा तुटवडा नाही.

हिटचं औषध करणं म्हणजे काय याचं एक उदाहरण जवळून बघू, कारण यात केमिस्ट नक्की काय करतो ते दिसतं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाने पाच हजारांहून कमी कंपाउंडची एक छोटी लायब्ररी तपासली, एक क्विनोलिन कार्बॉक्सअमाइड मिळालं, पॅरासाइटवर साधारण १२० नॅनोमोलरला चालणारं. आकडा वाईट नाही. पण विरघळत नव्हतं नीट, आणि लिव्हर त्याला पटकन तोडून टाकत होतं. त्यांनी काय केलं, तर रिंगवरचा ब्रोमीन काढून तिथे फ्लोरीन बसवला, मॉलिक्यूल हलका झाला आणि तेलकटपणा कमी झाला. मग पिरिडीनच्या जागी इथिल-पायरोलिडीन, मग दुसऱ्या टोकाला एका कार्बनच्या अंतराने मॉर्फोलीन. प्रत्येक बदलामागे पाच-पंचवीस कंपाउंड बनवलेली असतात जी कागदावर छान होती आणि लॅबमध्ये पडली, ती पेपरात दिसत नाहीत. शेवटी ताकद शंभर पटीच्या पुढे वाढली, एका नॅनोमोलरच्या आसपास, आणि तोंडावाटे दिल्यावर रक्तात लांब टिकणारा मॉलिक्यूल मिळाला. हे २०१५ साली छापून आलं. टार्गेट कुठलं ते त्यांनी रेझिस्टंट पॅरासाइट मुद्दाम तयार करून, त्यांचा जीनोम वाचून काढलं, पॅरासाइटची प्रोटीन बनवायची यंत्रणा, ईईएफ२. याचंच पुढे नाव पडलं कॅबामिक्वीन, जर्मन मर्ककडे गेलं. आणि माणसांवरच्या पहिल्या अभ्यासातच, जिथे व्हॉलंटियर्सना मुद्दाम थोडे पॅरासाइट टोचून मग औषध देतात, कमी डोसवाल्या काहींमध्ये रेझिस्टंट पॅरासाइट डोकं वर काढताना दिसले. म्हणजे एवढं देखणं मॉलिक्यूलही एकटं चालणार नाही, वर सांगितलेला गुणाकार लागणारच. म्हणून पायरोनारिडीन या दुसऱ्या मलेरियाच्या औषधाबरोबर त्याची जोडी लावली गेली.

आता मूळ मुद्दा, पोटातून देणं. इंजेक्शन असतं तर निम्मे प्रश्न सुटले असते, पण जिथे मलेरिया आहे तिथे नर्स नाही, फ्रिज नाही, सुई टाकायला जागा नाही. गोळीच हवी. गोळी पोटात विरघळायला हवी, आतड्याच्या भिंतीतून जायला हवी, लिव्हरमधून पहिल्या फेरीत वाचायला हवी. मलेरियाचे चांगले मॉलिक्यूल बहुतेक तेलकट निघतात, म्हणजे आत शिरतात छान पण पाण्यात विरघळत नाहीत. लुमेफँट्रिन हे याचं ठळक उदाहरण. ते स्निग्ध खाण्याबरोबर घेतलं तरच पुरेसं शोषलं जातं, म्हणून सांगतात की दूध किंवा काहीतरी तूप-तेलाचं खाऊन गोळी घ्या. ज्या मुलाला दोन दिवस अन्न जात नाहीये त्याला तुम्ही काय तूप घालून देणार? आणि एका वेळी जास्त दिलं तरी शोषण वाढत नाही, म्हणून दिवसातून दोनदा, तीन दिवस, सहा डोस. सहावा डोस घरी किती जण घेतात हे प्रत्येक डॉक्टरला माहितीये.

मुलांचं तर वेगळंच. औषध कडू असतं, क्विनोलिन असेल तर भयंकर कडू. गोळी कुस्करून साखरपाण्यात दिली की मूल अर्धी थुंकतं, अर्धी उलटते, आणि मग प्रश्न की परत द्यायची का. २००९ साली चेरीच्या चवीची, पाण्यात विरघळणारी आर्टेमेथर-लुमेफँट्रिनची गोळी आली, माझ्या मते ती नव्या मॉलिक्यूलइतकीच मोठी गोष्ट होती, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही कारण त्यात नवं केमिस्ट्री नाही. आणि ५ किलोखालच्या बाळांसाठीचं रूप यायला २०२५ उजाडलं, स्वित्झर्लंडने जुलैमध्ये मंजुरी दिली. तोवर एवढ्या तान्ह्यांना मोठ्या मुलांच्या गोळ्या अंदाजाने देत होते. शिवाय ही गोळी ३० डिग्री आणि ७५ टक्के आर्द्रतेत वर्षानुवर्षं टिकायला लागते, कोकणातला पावसाळा डोळ्यापुढे आणा.

याच्या जोडीला सुरक्षितता. कॅन्सरच्या औषधाला जे चालवून घेतात ते इथे अजिबात चालत नाही, कारण हे औषध कुठल्याही मॉनिटरिंगशिवाय लाखो मुलांना जाणार. हृदयाचं हर्ग नावाचं पोटॅशियम चॅनल आहे, तेलकट आणि बेसिक नायट्रोजनवाले मॉलिक्यूल त्याला चिकटतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि मलेरियाचे निम्मे मॉलिक्यूल नेमके असेच असतात. हॅलोफँट्रिन हे मलेरियाचं औषध यानेच मागे पडलं. गर्भावर परिणाम हा दुसरा अडथळा. केपटाऊनच्या एच३डी या केली चिबाले यांच्या संस्थेतून आलेलं एमएमव्ही०४८ हे आफ्रिकेतच शोधून माणसांपर्यंत पोचलेलं मलेरियाचं पहिलं मॉलिक्यूल, आम्हा सगळ्यांचं त्याच्याकडे लक्ष होतं, ते प्राण्यांच्या चाचण्यांत गर्भावर परिणाम दिसल्यामुळे थांबलं. वाईट वाटलं. पण ज्या भागात मलेरिया आहे तिथे कुठलीही तरुण बाई गरोदर असू शकते आणि तिला स्वतःलाही ते माहीत नसतं, त्यामुळे थांबवणं बरोबरच होतं.

आता माझं मत सांगतो जे सगळ्यांना पटत नाही. गेली पंधरा वर्षं या क्षेत्राने एका डोसमध्ये बरं करायच्या स्वप्नामागे फार पैसा आणि फार वेळ घातला. स्वप्न चुकीचं नाही, आरोग्य सेविकेसमोर एकदा गोळी गिळली आणि काम झालं, कोणाला नको आहे. पण हिशेब मांडून बघा. लाख कोटी पॅरासाइट संपवायला तीन ते चार सायकल लागतात, म्हणजे सहा ते आठ दिवस औषध रक्तात किमान मारक पातळीच्या वर हवं. हाफ लाइफ एक दिवसाची असेल तर आठ दिवसांनी पातळी २५६ पटीने खाली येते, म्हणजे सुरुवातच किमान पातळीच्या २५६ पट वर करायला लागेल, हा डोस विषारीच होणार. हाफ लाइफ चार दिवसांची असेल तर सुरुवातीला फक्त चौपट पुरते. म्हणून सगळे लांब हाफ लाइफच्या मागे. पण लांब हाफ लाइफला लांब शेपूट असते, औषध आठवडे थोडं थोडं रक्तात राहतं, त्याच काळात त्या मुलाला नवा डास चावतो आणि नव्या पॅरासाइटना मारायला अपुरं पण त्यातले रेझिस्टंट निवडायला पुरेसं औषध भेटतं. शिवाय मुलाने तो एकुलता एक डोस उलटून टाकला तर सगळंच गेलं.

आर्टेफेनोमेलचं नेमकं हेच झालं. हा आर्टेमिसिनिनसारखाच पेरॉक्साइडचा पूल असलेला पण पूर्ण सिंथेटिक मॉलिक्यूल, हाफ लाइफ मुद्दाम लांब केलेली, ८०० मिलिग्रॅमचा एक डोस. तो इतका तेलकट की गोळी होईना, पाण्यात ढवळून प्यायचं मोठं पेय करावं लागलं, लहान मुलं उलटायला लागली, आणि आधी पिपेराक्वीन मग फेरोक्वीन असे पार्टनर लावूनही ९५ टक्के बरे होण्याची रेषा ओलांडता आली नाही. डीएसएम२६५ हे दुसरं, लांब हाफ लाइफ, टार्गेट अगदी स्पष्ट, डीएचओडीएच नावाचं एन्झाइम, पण पेरूमधल्या पेशंट्सना एकटं दिलं तर काहींमध्ये रेझिस्टंट पॅरासाइट घेऊन मलेरिया परत आला.

आर्टेफेनोमेलच्या थोरल्या भावाची गोष्ट मात्र आपल्या जवळची आहे. आर्टेरोलेन, अमेरिकेत नेब्रास्काच्या जोनाथन व्हेनरस्ट्रॉम यांच्या लॅबमधला मॉलिक्यूल. निरोगी माणसांत मिळतं तेवढं औषध पेशंटच्या रक्तात मिळत नव्हतं, म्हणून २००७ साली जिनिव्हाच्या एमएमव्हीने, म्हणजे मेडिसिन्स फॉर मलेरिया व्हेंचरने, यातून अंग काढून घेतलं. रॅनबॅक्सीने सोडलं नाही, पिपेराक्वीनबरोबर जोडी करून, दिवसाला एक गोळी तीन दिवस, असं ते एप्रिल २०१२ मध्ये सिनरियाम नावाने भारतात आणलं. जगभर ते गाजलं नाही, पण एका भारतीय टीमने मॉलिक्यूलची उणीव ओळखून डोस आणि पार्टनरने ती भरून काढली, फार्मसीच्या विद्यार्थ्याने हे मुळातून अभ्यासावं असं मला मनापासून वाटतं.

आता ज्याकडे सगळ्यांचे डोळे आहेत ते गॅनाप्लासाइड. नोव्हार्टिसने जिवंत पॅरासाइटवर लाखो कंपाउंड टाकूनच शोधलेलं, पॅरासाइटच्या आतली प्रोटीनची ने-आण बिघडवणारं. २०१६ साली थायलंड-व्हिएतनाममधल्या पेशंट्सचे पहिले निकाल छापून आले, आणि तिसऱ्या फेजचे निकाल यायला नोव्हेंबर २०२५ लागला, १२ आफ्रिकन देशांत १,६८८ मोठी माणसं आणि मुलं. नव्या कॉम्बिनेशनने ९७.४ टक्के बरे झाले, सध्याच्या आर्टेमेथर-लुमेफँट्रिनने ९४ टक्के. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पार्टनर कोण, तर तेच जुनं लुमेफँट्रिन, फक्त सॉलिड डिस्पर्शन करून, म्हणजे विरघळणाऱ्या पदार्थात बारीक पसरवून, असं बनवलंय की दिवसातून एकदाच दिलं तरी पुरतं. सहा गोळ्यांच्या वेळांऐवजी रोज एक पुडी, तीन दिवस. एका डोसचा हट्ट धरला असता तर हे आपल्या हातात आलं नसतं. फॉर्म्युलेशनवाल्यांनी इथे मेडिसिनल केमिस्टइतकंच काम केलंय आणि ते म्हणायलाच हवं.

व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या पॅरासाइटबद्दल थोडक्यात, कारण आपल्याकडे तो भरपूर आहे. तो लिव्हरमध्ये झोपून राहतो आणि महिन्यांनी उठतो. झोपलेल्याला मारायला प्रायमाक्वीन, १४ दिवस. ताप तिसऱ्या दिवशी गेला की गडचिरोलीतला काय आणि मुंबईतल्या बांधकामावरचा काय, कामावर जाणारा माणूस उरलेले अकरा दिवस गोळी घेत नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. इथे मात्र एका डोसचं स्वप्न प्रत्यक्षात आलंय, टॅफेनोक्वीन, ३०० मिलिग्रॅम एकदाच, २०१८ साली अमेरिकेत मंजूर. पण जी६पीडी एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या लाल पेशी ते फोडतं आणि शरीरातून लवकर बाहेरही जात नाही, त्यामुळे आधी एन्झाइमची ॲक्टिव्हिटी ७० टक्क्यांच्या वर आहे ना हे मोजावंच लागतं. ही तपासणी वाडी-पाड्यावर नेणं हे आता औषधापेक्षा मोठं काम आहे.

पैशाचं एवढंच की या रोगाचे पेशंट गरीब आहेत, विकून खर्च निघत नाही. म्हणून १९९९ पासून एमएमव्हीसारख्या संस्था देणग्यांवर कंपन्यांना आणि विद्यापीठांना एकत्र आणतात, आणि अमेरिकेत २००७ पासून असं औषध मंजूर झालं की कंपनीला एक व्हाउचर मिळतं जे दुसऱ्या औषधाच्या लवकर तपासणीसाठी वापरता किंवा विकता येतं. बनवण्याचा मोठा भार मात्र भारतावर आहे, इप्का, सिप्ला, अजंता यांच्या गोळ्या आफ्रिकेत जातात, त्यामुळे शेवटी किंमत किती खाली येते ते बरंच इथल्या प्लांट्समध्ये ठरतं. डोस ५०० मिलिग्रॅमचा आहे की ५० चा, सिंथेसिस पाच स्टेपचं आहे की पंधरा, हे मी पहिल्या वर्षीच विचारतो.

एआयबद्दल. मदत होते, मी रोज वापरतो. पुढचे वीस कंपाउंड कुठले बनवू, यातला कुठला हर्गला चिकटेल, कुठला लिव्हरमध्ये तुटेल, हे आधी चाळून घेता येतं आणि बनवायची कंपाउंड कमी होतात. पण स्टॅबिलिटीच्या चेंबरमधले सहा महिने सहाच महिने राहतात, प्राण्यांमधल्या गर्भाच्या चाचण्या तेवढ्याच चालतात, २८ दिवस पेशंटचा फॉलोअप केल्याशिवाय बरा झाला म्हणता येत नाही, आणि मूल औषध थुंकेल का याचा डेटाच नाहीये कुठे. पहिली तीन-चार वर्षं आखडतील, पुढची नाही.

आणि शिकायचं काय. सगळे ऑर्गॅनिक सिंथेसिस किंवा डॉकिंगच्या (मॉलिक्यूल टार्गेटमध्ये बसतो का हे कॉम्प्युटरवर बघण्याच्या) मागे लागतात, तुम्ही फार्मसीवाले आहात, तुमची खरी ताकद फार्माकोकायनेटिक्स (औषध शरीरात कसं जातं, टिकतं आणि निघतं) आणि फॉर्म्युलेशन (त्याची गोळी-पुडी बनवणं) आहे आणि मलेरियाला नेमकी त्याचीच माणसं कमी पडतात. एम.फार्मला त्यातला विषय घ्या. लखनौचं सीडीआरआय आणि दिल्लीचं आयसीजीईबी इथे मलेरियाचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, तिथे प्रोजेक्टसाठी लिहा, उत्तर नाही आलं तर परत लिहा. ओपन सोर्स मलेरिया म्हणून मॅथ्यू टॉड यांनी सिडनीतून सुरू केलेला प्रकल्प आहे, त्यात लॅबच्या वह्या उघड्यावर आहेत, फसलेले रिॲक्शन्ससुद्धा, त्यातली चौथी सिरीज पहिल्यापासून वाचत जा, कुठलं कंपाउंड का बनवलं आणि का सोडलं हे तिथे जसं कळतं तसं कुठल्या पेपरात कळत नाही. आणि या आठवड्यात एवढं करा, एक्सेल उघडा, एका कॉलममध्ये तास, दुसऱ्यात औषधाची पातळी, तिसऱ्यात उरलेले पॅरासाइट, पातळी किमान रेषेच्या वर असेपर्यंत दर ४८ तासांनी हजार पटीने कमी करा आणि खाली गेली की दहा पटीने वाढवा. मग हाफ लाइफ बदला, एक डोस तीन दिवसांत वाटून बघा, तिसरा डोस चुकवून बघा. कुठे अडलं तर तुमची शीट इथेच टाका, मी बघतो.